रक्ताच्या कर्करोगात आई-वडिलांचा आहार : घराची जबाबदारी आणि संस्थेचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, केदारखेडा येथे, रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



संस्थेचा वर्षाचा जमाखर्च आपणांपुढे मांडून झाला. ज्या खर्चाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, अशा एका विषयाकडे आता आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या आईला किंवा वडिलांना घरी काय खाऊ घालावे आणि कसे खाऊ घालावे, हा तो विषय होय. आम्ही वैद्यक नाही, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. तेव्हा येथे जे सांगणार आहोत ते वैद्यकशास्त्राने मान्य केलेलेच आहे. ते आपल्या पूर्णा खोऱ्यातील चुलीपर्यंत कसे पोहोचेल, एवढाच विचार आमचा.

या आजाराचे मुख्य उपचार आपल्या गावी होत नाहीत. आपले रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, काही मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात जातात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण दाखल असेपर्यंतचे त्याचे भोजनही समाविष्ट असते. परंतु केमोथेरपीच्या दोन आवर्तनांच्या मध्ये रुग्ण घरी परततो. अनेक औषधांनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. म्हणजे तोंड आलेले, अन्नावरची वासना उडालेली आणि जंतुसंसर्गाचे भय सर्वाधिक, असे दिवस पुष्कळदा घरीच काढावे लागतात. त्या दिवसांत घरचे स्वयंपाकघर हाच रुग्णालयाचा एक विभाग होतो. तेथे परिचारिका नसते, आहारतज्ज्ञ नसतो. असते ती सून, लेक किंवा शेतातून दमून आलेला मुलगा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. कोणत्याही अन्नाने ल्युकेमिया बरा होत नाही. अन्नाचे काम पुढचे आवर्तन सोसण्याइतके बळ शरीरात शिल्लक ठेवण्याचे आहे. रुग्ण फार खंगला तर औषधाची मात्रा कमी करण्याची किंवा आवर्तन पुढे ढकलण्याची वेळ डॉक्टरांवर येऊ शकते. म्हणून या शिलकेचा हिशेब ठेवणे आवश्यक ठरते. कर्करोगाच्या रुग्णास दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. ५० किलो वजनाच्या माउलीस यानुसार दिवसाला किमान ५० ग्रॅम प्रथिने हवीत. ऐकण्यास हा आकडा मोठा वाटतो, परंतु पूर्ण उकडलेली दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण आणि ज्वारीच्या दोन भाकरी एवढ्यात तो गाठता येतो. अंडी चालत नसतील तेथे घरी केलेले ६० ग्रॅम ताजे पनीर तेवढेच काम करते. महागड्या डब्यांतील पावडरी डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन करून वहीत लिहावे. महिन्याभरात ५० किलोंतून अडीच किलो उतरले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

एवढे अन्न एका ताटात वाढले तर आजारी माणूस ते पाहूनच तोंड फिरवतो. म्हणून दिवसातून सहा-सात वेळा, वाटीभरच द्यावे. तोंड आले असेल तेव्हा ठेचा, येसराची झणझणीत आमटी, लिंबू आणि कडक भाकरी दूर ठेवून मऊ खिचडी, तूप घातलेला गुरगुट्या भात, दुधात शिजवलेली खीर, उकडलेल्या बटाट्याचा लगदा असे पदार्थ कोमट किंवा गार करून द्यावेत. गरम अन्नाच्या वासाने मळमळत असेल तर फोडणी रुग्णापासून दूर द्यावी. तोंडाला धातूसारखी चव येत असल्यास स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बद्धकोष्ठ होतो, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळते आणि रक्तातील साखर वाढू शकते. तेव्हा कोणते औषध चालू आहे हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसही ठाऊक असले पाहिजे. एका प्रकारच्या ल्युकेमियात दिले जाणारे इमॅटिनिब हे औषध जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्यासह घ्यावयाचे असते, हे चिठ्ठीवर लिहून चुलीजवळच लावावे.

यापुढचा मुद्दा स्वच्छतेचा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कच्चे फळ वा भाजी मुळीच देऊ नये, असा दंडक अनेक वर्षे होता. परंतु अमेरिकेत १५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ शिजवलेले अन्न घेणाऱ्यांत आणि ताजी फळे-भाज्या खाणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. इटलीतील २०२३ च्या अभ्यासाचाही निष्कर्ष तसाच होता. मात्र त्या रुग्णांना दिलेले अन्न स्वच्छ हातांनी, स्वच्छ पाण्यात धुतलेले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येते आणि पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हे विसरून चालणार नाही. म्हणून फळांविषयी उपचार करणारे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे आणि घरी काही नियम कसोशीने पाळावेत. पिण्याचे पाणी खळखळून उकळल्यावर आणखी किमान १ मिनिट उकळू द्यावे. स्वयंपाकापूर्वी व वाढण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, बाहेर ठेवलेले असल्यास रुग्णास देऊ नये. ताकात कुस्करलेली शिळी भाकरी ही आपल्याकडची आवडीची न्याहारी, परंतु या दिवसांपुरती ती बंद. कच्चा कांदा, उघड्यावरचा उसाचा रस, न तापवलेले दूध आणि बुरशीचा वास येणारे शेंगदाणे वर्ज्य समजावेत. भौगोलिक मानांकन लाभलेली आपली जालन्याची मोसंबी डॉक्टरांनी मान्य केली असेल, तर ती घरी धुऊन, सोलून, लगेच खावी. गाड्यावरचा रस मात्र नको. आणि अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप भरला, तर काढे करीत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. या आजारात एका रात्रीचा विलंबही जिवावर बेततो.

आता औषधी पाल्यांविषयी आणि टॉनिकांविषयी. रक्ताचा आजार म्हटला की रक्त वाढवावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. शेजारी, सोयरे प्रेमापोटी बाटल्या घेऊन येतात. त्यांना नम्रपणे थांबवावे लागते, आणि त्यामागे एक इतिहास आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या व त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. तेच द्रव्य ल्युकेमियाच्या मुलांना दिले असता आजार उलट बळावतो, असे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसून आले. तेव्हा फोलिक आम्लाचे कार्य रोखणारे औषध त्यांनी वापरले आणि १९४८ साली प्रथमच या आजाराला काही काळ मागे सारण्यात यश मिळाल्याचे जाहीर केले. ती औषधे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपलेच, आंध्र प्रदेशातील शास्त्रज्ञ. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे. तात्पर्य, एका आईचे रक्त वाढविणारे औषध दुसऱ्या आईच्या उपचारात अडथळा आणू शकते. पालेभाजी शिजवून खाण्यास त्यामुळे बाध येत नाही. परंतु फोलिक आम्लाची वा लोहाची बाटली, गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. प्लेटलेट घटल्या असता रक्तपेढीतील पिशवीची जागा कोणताही पाला घेऊ शकत नाही.

आप्तजनहो, सर्वांत अवघड भाग पदार्थांचा नाही, माणसांचा आहे. आपल्या घरांतील माय जन्मभर सर्वांच्या शेवटी जेवलेली असते. आजारपणातही सर्वांची ताटे होईपर्यंत ती थांबते, तोवर वरण निवते आणि भूक मरते. तिचे पान प्रथम वाढावे. एकादशी, चतुर्थी सोडण्यास ती तयार नसते. राजूरच्या गणपतीवर तिची श्रद्धा आहे, तिचा अवमान न करता डॉक्टरांच्या तोंडून तिला सांगावे की उपचार पूर्ण होईपर्यंत उपवास स्थगित ठेवावा, आणि अंगारकीच्या गर्दीत जाण्याऐवजी घरूनच हात जोडावेत. वडिलांचा प्रकार निराळा. ते खाल्ले म्हणून सांगतात आणि घास गुपचूप बाजूला सारतात, कारण आपल्यावर होणारा खर्च त्यांना बोचत असतो. त्यांच्याजवळ बसून सोबत जेवावे. ‘खाल्लेच पाहिजे’ असा हट्ट धरला की प्रत्येक जेवण हे भांडण होते. त्याऐवजी ‘पेज घेता की खीर?’ असे विचारावे. निवड त्यांच्या हाती राहू द्यावी. नाहीच गेले, तर अर्ध्या तासाने पुन्हा दोन चमचे.

आणखी एक कटू सत्य सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वेळा सर्व उपचार करूनही आजार दाद देत नाही. तेव्हा भूक ओसरत जाते, आणि ती आजारामुळेच ओसरते. अशा वेळी आपण कमी पडलो, आपण नीट खाऊ घातले नाही, असा दोष लेकरांनी स्वतःकडे घेऊ नये. ओठ ओले ठेवावेत, आवडीचा एखादा घास पुढे करावा, आणि नको म्हटले तर हात धरून बसावे. तीही सेवाच आहे.

देणगीदार बंधू-भगिनींनो, मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांची व नातेवाइकांची निवाऱ्याची सोय होते. महानगरात समाजाने केलेली ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु रुग्ण एस.टी.ने गावी परतला की शासनाच्या योजनेतील भोजनही संपते आणि समाजाचा हातही सुटतो. ते मधले दिवस आपण आपले मानावेत, अशी आमची प्रार्थना आहे. त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. एका घरास महिन्याची अंडी, दूध आणि डाळ; पाणी उकळण्यासाठी पातेले व इंधन; एक तापमापक; गावात फिरता ठेवता येईल असा एक वजनकाटा; आणि आठवड्यातून एकदा वही तपासण्यास जाणारी आमची परिचारिका, एवढेच मागणे आहे. ही मदत घेताना कोणास संकोच वाटू नये, म्हणून तिची नोंद औषधोपचार या सदरातच घ्यावी, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.

ज्यांनी आपल्याला पहिला घास भरवला, त्यांना आजारपणात घासभर अन्न सुखाने जावे, यासाठी आपले सहकार्य मिळेल या विश्वासाने आम्ही आपली रजा घेतो.