अपघात त्याचा, शुश्रूषा तिची
(कार्यकर्ती शिबिरातील भाषण)



होंडुरासच्या किनाऱ्यावर मोस्किटिया भागात मिस्किटो आदिवासी पुरुष हवेच्या टाक्या पाठीला बांधून समुद्रतळाचे शेवंड काढतात. मजुरी वजनावर, म्हणून दिवसात पुन्हा पुन्हा खोल बुड्या. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. घाईने वर आले की त्याचे बुडबुडे होतात. मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो. लगेच उच्च दाबाच्या कक्षात उपचार हवेत. बोट मात्र भर समुद्रात असते.

यानंतरचे काम घरात सुरू होते. कूस बदलणे, शय्याव्रण धुणे, नळी स्वच्छ ठेवणे हे बायकोकडे, आईकडे येते. चूल पेटती ठेवणेही तिच्याकडेच. आपण याला 'सेवा' म्हणतो आणि मोकळे होतो. पुनर्वसनाच्या अर्जात तिच्या श्रमांसाठी रकाना मी अजून पाहिलेला नाही.

तिथल्या बाया गप्प बसल्या नाहीत. २००४ साली अपंग पाणबुड्यांच्या संघटनेबरोबर मिस्किटो स्त्रियांच्या संघटनेनेही आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी आंतर-अमेरिकी न्यायालयाने ४२ पाणबुड्यांच्या प्रकरणात होंडुरास सरकारला जबाबदार धरले. सतरा वर्षे लागली.

आपल्या वस्तीत बांधकामावरून पडलेला मजूर असतोच. त्याच्या भरपाईसाठी आपण भांडतोच. त्याचबरोबर विचारूया: रात्री कोण जागते? आठवड्यातून दोन रात्री तिच्या जागी कोण बसेल? पाळ्या लावूया, आणि त्यांत पुरुषांचीही नावे घालूया.