वरून दाबून गाठ जात नाही

आज बचत आणि हप्ते बाजूला ठेवू. अंगावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या, फोडली तरी परत येणाऱ्या गाठीबद्दल बोलू. आपल्यातल्या कितीतरी जणी अशी गाठ पदराखाली झाकून कामं करत असतात.

केसतूड किंवा गळू आपल्याला माहीत आहे. ते लाल होतं, ठणकतं, पिकतं, फुटतं आणि बरं होतं. ही गाठ वेगळी. ती सावकाश वाढते, एरवी दुखत नाही, बोटाने हलवली तर थोडी सरकते. पुष्कळदा तिच्या मधोमध बारीक काळा ठिपका दिसतो. मान, पाठ, चेहरा, कानामागे, कुठेही येते. जुन्या बाया तिला आवाळू म्हणतात, डॉक्टर सिस्ट म्हणतात.

ती होते कशी? आपली कातडी रोज झिजते आणि वरचा पापुद्रा गळून जातो. कधी कधी केसाच्या मुळाजवळच्या कातडीची आत बंद पिशवी तयार होते. मग झिजलेली कातडी बाहेर पडत नाही, त्या पिशवीतच साठत राहते. गाठ दाबल्यावर पांढरट, घट्ट, घाण वासाचं जे निघतं, ते हेच. त्यात तुमच्या अंघोळीचा काही दोष नाही. ती एकीची दुसरीला लागतही नाही. त्यामुळे कुणी आपलं ताट-तांब्या वेगळा ठेवत असेल, तर तिला हे जरूर सांगा.

आता शेतातली हरळी आठवा. वरून कितीही कापा, जमिनीत काशा राहिल्या की पाऊस पडताच परत फुटते. गाठीचंही तसंच आहे. दाबून आतलं सगळं काढलं तरी पिशवी आत राहते आणि पुन्हा भरते. शिवाय दाबताना पिशवी आतल्या आत फुटली, तर गाठ सुजते, ठणकते, कधी पू होतो. म्हणून सुई, ब्लेड, चुना, बिब्बा यांतलं काहीच नको. बिब्ब्याने कातडी भाजते, डाग राहतो, आणि गाठ जिथल्या तिथे.

मग करायचं काय? गाठ डॉक्टरांना एकदा दाखवा. साधी असेल आणि त्रास नसेल, तर तशीच राहू दिली तरी चालते. सुजली तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेका आणि दवाखान्यात जा. पू असेल तर डॉक्टर चीर देऊन काढतात. औषधाने सूज उतरेल, पण पिशवी जाणार नाही. ती काढायला छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि ती बहुधा सूज उतरल्यावर करतात. तेवढीच जागा बधिर करतात, पिशवी काढून टाके घालतात आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, "पिशवी पूर्ण निघणार ना?" तिचा तुकडा आत राहिला तर गाठ परत येऊ शकते.

खर्चाची काळजी असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली पुन्हा पुन्हा गळवं येत असतील, फुटून वाहत असतील, वण राहत असतील, तर ते निराळं दुखणं असू शकतं. काखमांजरी म्हणून सोडून देऊ नका. त्यावर बरेच दिवस औषध घ्यावं लागतं, पण उपचार आहेत. लाजून उशीर केला तर ते आत पसरतं. वारंवार गळवं येणाऱ्या बाईने रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

काही गाठींना मात्र अजिबात थांबायचं नाही. स्तनातली कुठलीही गाठ, दुखत नसली तरी. कडक, न हलणारी किंवा भराभर वाढणारी गाठ. गाठीवर न भरणारी जखम. किंवा गाठ सुजून ताप आला तर. अशा वेळी बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका.

शेवटचं, आपल्या गटासाठी. बाई दवाखाना टाळते ती बरेचदा कामामुळे. टाके असताना त्या जागेवर ताण येऊन चालत नाही, पण पाणी आणि सरपण कोण आणणार? म्हणून पुढच्या बैठकीत ज्यांना अशी गाठ आहे त्यांना विचारा. सोबत कोण जाणार आणि त्या आठ-दहा दिवसांत तिच्या घरचं पाणी कोण भरणार, ही दोन नावं तिथेच ठरवा. मग ती नक्की जाईल.