वीज, विभव आणि आपले पाय



दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, दूरदर्शन भवन आहे आणि झाडेही आहेत. वीज कडाडली की वाटसरू झाडाखाली धावतात. सुरक्षित असतो तो बंद मोटारीतला माणूस. लोक याचे श्रेय उगाच रबरी चाकांना देतात! प्रभार धातूच्या बाह्य पृष्ठावर राहतो, आत विद्युतक्षेत्र जवळजवळ नसते, विभव सर्वत्र समान असतो. १८३६ मध्ये फॅरडे स्वतः अशा प्रभारित पिंजऱ्यात बसले होते. जमीन इतकी सुवाहक नसते. वीज पडल्या जागेपासून विभव उतरत जातो. दोन पावलांतील विभवांतर देहातून प्रवाह नेते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून मराठवाड्यात झाडाखाली बांधलेली जनावरे अधिक दगावतात. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका.