डाव बदलला की

सोलापूरच्या वैशाखात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. मग पत्ते निघतात. एकाच बैठकीत मेंढीकोट, बदाम सात, रमी. आणि पणाला काय, तर चिंचोके!

असं पाळीपाळीनं खेळण्यात खरी शिकवणी होते. मेंढीकोटात राजा हात ओढतो. बदाम सातमध्ये तोच शेवटपर्यंत हातात अडकतो. रमीत क्रम लागत नसेल तर दहा गुणांचं ओझं, लवकर टाकलेला बरा. दश्शी मेंढीकोटात जपायची, भिडूचा हात होतोय असं दिसलं की सोडायची. पोकरच्या ‘हॉर्स’ स्पर्धेतही असेच पाच प्रकार फिरतात. त्यातल्या ‘रॅझ’मध्ये तर हलकी पानंच जिंकतात. नवशिका हरतो तो बहुधा मागच्या डावाच्या सवयीनं.

सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. खरं आहे. पण कौशल्य अंगी यायला आधी पुष्कळ हरावं लागतं, आणि मोबाइलवर ते हरणं पगारातून व्हायचं. विड्या वळणाऱ्या घराला ते कसं झेपावं? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केंद्रानं २०२५ साली केला.

चिंचोके संपले तर शेजारच्याकडून मूठभर उसने घ्यावेत. ते कुणी परत मागत नाही.