संकरित मोटार आणि रुंद टायर

छत्रपति संभाजीनगराहून अहिल्यानगर-पुण्याकडे निघालें कीं वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. १९८५ सालीं तेथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आणि कामगार, कारागीर व लहान कारखानदार यांची जी वस्ती त्या परिसरांत वाढली, ती बजाजनगर या नांवानें ओळखली जाते. दुचाकी व तीनचाकी वाहनांमागोमाग १९९० च्या दशकांत सिएट आणि गुडइयर यांच्या भागीदारींतून वाळूजलाच टायरचा कारखानाही उभा राहिला. पुढें जुलै २०२४ मध्यें, शहराच्या दुसऱ्या अंगास असलेल्या बिडकीन येथें संकरित आणि विजेच्या मोटारी बनविण्याचा कारखाना काढण्याविषयीं टोयोटा किर्लोस्कर कंपनी व महाराष्ट्र शासन यांच्यांत सामंजस्य करार झाला. चाकावर संसार चालविणाऱ्या या भागांतील माणसाला टायर म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. तथापि संकरित मोटार घरीं आली, कीं अशा जाणत्या घरांतही एक प्रश्न हटकून निघतो: कारखान्यानें बसवून दिलेले टायर काढून त्या जागीं अधिक रुंद टायर घालावे काय?

ही इच्छा केवळ मिरविण्याच्या हौशींतून उत्पन्न होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. रुंद टायरांनीं गाडी भारदस्त दिसते, हें खरेंच. परंतु गाडी वळणावर घट्ट राहावी, ब्रेक लावतांच थांबावी, बायकामुलांसह प्रवास निर्धास्त व्हावा, अशी रास्त अपेक्षाही या इच्छेच्या पोटीं असते. शिवाय इंधन वांचविण्यावर नजर ठेवून निवडलेला टायर रस्त्याला धरण्याच्या बाबतींत नेहमींच सर्वोत्तम असतो असें नाहीं. म्हणून या प्रश्नाचें उत्तर थट्टेनें न देतां हिशेबानें दिलें पाहिजे. आणि तो हिशेब संकरित गाडीच्या स्वभावापासून सुरू होतो.

संकरित गाडींत पेट्रोलचें एंजिन आणि विजेची मोटर हीं दोन्ही असतात. १९९७ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस गाडीनें हा प्रकार लोकांच्या हातीं दिला. भारतांत २०२२ मध्यें आलेल्या होंडा सिटीचा संकरित प्रकार आणि टोयोटाची हायरायडर हीं त्याचींच अलीकडचीं उदाहरणें होत. साध्या गाडींत ब्रेक लावला, कीं धावत्या गाडीची सारी शक्ति उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. संकरित गाडींत तीच विजेची मोटर उलट कामाला लागून जनित्र बनते आणि त्या शक्तीचा बराचसा भाग बॅटरींत परत ठेवते. एंजिनही शक्य तेव्हां बंद राहतें. प्रमाणित चांचणींत हायरायडरला लिटरमागें २७.९७ किलोमीटर मिळाले, ते या काटकसरीमुळेंच.

टायरांत जी शक्ति खर्ची पडते, ती मात्र अशी परत मिळवितां येत नाहीं. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ मध्यें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें आणि जॉन डनलॉप यानें १८८८ मध्यें तीच कल्पना नव्यानें यशस्वी केली. तेव्हांपासून टायर खड्डा पोटांत घेतो आणि बसणाऱ्याला सुख देतो, तो स्वतः दबून. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत टायरचा खालचा भाग दबतो आणि वर येतांना पुन्हां फुगतो. कणीक मळतांना हाताचा जोर जसा खर्च होतो, तसा या मळण्यांत एंजिनाचा जोर खर्च होतो. दबतांना रबर जेवढी शक्ति घेतें तेवढी सुटतांना परत देत नाहीं. उरलेली टायर तापविण्यांत जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो, याचें हें एक मुख्य कारण. या खर्चाला घरंगळण्याचा रोध म्हणतात.

आंकड्यांनीं पाहिलें तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. प्रवाशांसह गाडीचें वजन १,५०० किलो धरावें. टायर चांगला, कमी रोधाचा असेल, तर वजनाच्या हजारांत आठ भाग, म्हणजे सुमारें १२ किलोचा जोर गाडी नुसती सरकती ठेवण्यास लागतो. बाजारांतून आणलेल्या टायराचा रोध हजारांत अकरा भाग असेल, तर तोच जोर साडेसोळा किलो होतो. हा वाढीव साडेचार किलोंचा भार गाडी जातां-येतां, दिवसरात्र ओढीत राहते. वाळूजच्या कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळच्या गर्दींत गाडी मंद चालते. वाऱ्याचा विरोध अशा वेळीं अल्प असतो, कारण तो वेगाच्या वर्गानें वाढतो आणि वेग दुप्पट झाला तर चौपट होतो. ब्रेकांत जाणारी शक्ति तर बरीच परत येत असते. मग रस्त्यावर नाहींशा होणाऱ्या शक्तीचा सर्वांत मोठा वाटेकरी राहतो तो टायर. संकरित गाडीनें इतर गळती बुजविल्यामुळें उरलेलें हें भोंक तिच्या बाबतींत अधिक जाणवतें.

आतां हा दोष रुंदीचा कीं आणखी कशाचा, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी असते, कीं टायर रुंद झाला म्हणजे रस्त्याला टेकणारा भागही तितकाच वाढतो. वास्तविक गाडीचा भार टायरांतील हवा तोलीत असते. एका चाकावर ३७५ किलो भार आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २.३ किलो असेल, तर टेकणारा भाग सुमारें १६० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा मोठा असतो. दाब आणि भार तेच राहिले तर रुंद टायरानेंही हें क्षेत्र फारसें वाढत नाहीं. फक्त त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आंखूड आणि आडवा होतो. वळणावर त्याचा कांहीं लाभ मिळतो, हें मान्य केलें पाहिजे. घरंगळण्याचा रोध मात्र मुख्यतः रबराचें मिश्रण, आंतील बांधणी, नक्षीची खोली आणि हवेचा दाब यांवर ठरतो. रुंदीनें टायराचें वजन आणि त्यावर आदळणारा वारा वाढतो, तो खर्च वेगळा. म्हणून २०२३ च्या नव्या प्रियसला मोठें १९ इंची चाक दिलें, तरी टायराची रुंदी १९५ मिलिमीटरच ठेवली. आणि बीएमडब्ल्यूच्या आय-३ या विजेच्या गाडीला १९ इंची चाकावर १५५ मिलिमीटर रुंदीचा टायर होता. चाक उंच, पण टायर अरुंद, अशी ही योजना होती.

टायरावर छापलेला आंकडा वाचतां आला, तर दुकानांत फसगत होत नाहीं. १८५/५५ आर १६ याचा अर्थ असा: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ५५, आणि रिम १६ इंची. यावरून चाकाचा एकूण व्यास सुमारें ६१० मिलिमीटर येतो. आतां त्या जागीं २०५/५५ आर १६ घातला, तर रुंदीबरोबर भिंतही वाढते आणि व्यास ६३२ मिलिमीटर, म्हणजे शेंकडा ३.६ नें अधिक होतो. गाडी प्रत्येक फेऱ्यांत जास्त अंतर कापते, परंतु मापक जुन्याच चाकाचा हिशेब मांडीत बसतो. त्यानें १०० किलोमीटर दाखविले तेव्हां गाडी १०३.६ किलोमीटर गेलेली असते. त्याचप्रमाणें दिसणाऱ्या वेगापेक्षां खरा वेग अधिक असतो. उलट २०५/५० आर १६ घातला, तर व्यास ६११ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्वीचाच राहतो. हायरायडरच्या २१५/६० आर १७ या मापाच्या जागीं २३५/५५ आर १७ आणला, तरी व्यासांत अर्ध्या मिलिमीटराचाच फरक पडतो. तेवढ्यावरून तो टायर त्या गाडीला योग्य ठरतो असें मात्र नव्हे. व्यास ही फक्त पहिली कसोटी झाली.

या हिशेबांतून आणखी एक गोष्ट निघते. टायर बदलल्यावर लिटरमागें किलोमीटर कमी झाले, अशी तक्रार ऐकूं येते. तींतील कांहीं भाग मापकाच्या चुकीचा असतो. कांहीं भाग झिजेचा असतो. कारण झिजलेल्या टायरांत मळलें जाणारें रबर कमी, म्हणून त्याचा रोधही कमी असतो, आणि त्याच जातीचा नवा टायर घातला तरी प्रथम इंधन थोडें अधिक लागतें. हे दोन भाग वजा केल्याखेरीज रुंदीला दोष देणें बरोबर नव्हे, तसेंच रुंद टायरानें कांहींच फरक पडला नाहीं असें म्हणणेंही बरोबर नव्हे.

मग खरें नुकसान किती? रोध शेंकडा दहांनीं वाढला तर इंधनाचा खर्च साधारण शेंकडा एक ते दोन वाढतो, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. वरच्या उदाहरणांत रोध शेंकडा ३७ नें वाढला. म्हणजे खर्चांत सुमारें शेंकडा पांचांची भर पडली असें धरतां येईल. वर्षाकांठीं १२,००० किलोमीटर चालणाऱ्या आणि लिटरमागें २० किलोमीटर देणाऱ्या गाडीला ६०० लिटर पेट्रोल लागतें. त्यांत ३० लिटरांची वाढ होईल. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला तीन हजार रुपये. ही रक्कम संसार बुडविणारी खचित नाहीं. परंतु ज्या काटकसरीसाठीं संकरित गाडीला अधिक किंमत मोजली, तिचाच एक तुकडा असा टायरांमागें जातो, हें ध्यानांत ठेवावें.

याहून मोठा प्रश्न पावसाचा आहे. पहिल्या सरीनें रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा निसरडा थर होतो. आणि औद्योगिक वसाहतींत, जेथें अवजड वाहनें अखंड चालतात, तेथें हा थर अधिक. पुढें पाणी सांचलें म्हणजे टायराला तें बाजूला सारून रस्ता गांठावा लागतो. रुंद टायराला अधिक रुंदीचें पाणी सारावें लागतें, आणि ठसा आंखूड असल्यानें त्याला वेळही कमी मिळतो. वेग फार असला तर चाक पाण्यावर उचललें जातें. मग सुकाणू आणि ब्रेक या दोहोंचाही उपयोग राहत नाहीं. चांगल्या खोल नक्षीचा रुंद टायर यांतून बऱ्याच अंशीं निभावतो; झिजलेला मात्र अरुंदापेक्षां लवकर दगा देतो. नक्षीची खोली कायद्यानें निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. सुरक्षिततेसाठीं रुंद टायर घेऊन ते शेवटपर्यंत झिजविणें म्हणजे एका हातानें घेतलेलें दुसऱ्या हातानें टाकणें होय.

यावरून कर्तव्य काय तें सांगतां येतें. ज्याला ब्रेक अधिक चांगला लागावा अशी इच्छा आहे, त्यानें प्रथम मूळ मापाचाच, पण ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा टायर शोधावा; बहुतेकांची गरज तेवढ्यानें भागते. प्रवासी गाड्यांच्या टायरांसाठीं घरंगळण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा केंद्र शासनानें २०२२ मध्यें टप्प्याटप्प्यानें बंधनकारक केल्या. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऐच्छिक तारांकन योजनाही आहे. दुकानदाराला त्याविषयीं विचारण्यास संकोच बाळगूं नये. माप बदलावयाचेंच असेल, तर गाडीच्या पुस्तिकेंत निर्मात्यानें दिलेल्या मापांपलीकडे जाऊं नये. टायरावरील भाराचा आंकडा मूळ आंकड्याहून कमी नसावा. ९६ हा आंकडा ७१० किलोंचा भार दाखवितो, ९५ हा ६९० किलोंचा. रिम नव्या टायराला पुरेशी रुंद आहे काय, आणि सुकाणू पूर्ण वळविल्यावर टायर मडगार्डाला घासतो काय, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. चाक मोठें घेऊन भिंत आंखूड केली, तर खड्ड्याचा घाव थेट रिमवर बसतो, हेंही विसरूं नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ गाडींतील फेरबदलांविषयीं आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ लावतांना निर्मात्याच्या मूळ रचनेपासून दूर नेणारा फेरबदल मान्य केला नाहीं. तेव्हां मडगार्डाबाहेर डोकावणारे टायर बसविण्यापूर्वीं विम्याच्या आणि हमीच्या अटी एकदां वाचाव्या; अपघातानंतर त्या वाचण्यांत अर्थ नसतो.

शेवटीं एक गोष्ट, जिला टायरइतकाही खर्च येत नाहीं. टायर अरुंद असो वा रुंद, त्यांतील हवा कमी झाली कीं तो अधिक दबतो, अधिक तापतो, कडांनीं झिजतो आणि इंधन खातो. महिन्यांतून एकदां, गाडी थंड असतांना, चारही चाकांची आणि जादा चाकाची हवा मोजून घेतली, तर मूळच्या टायरांकडूनही पुष्कळ सुख मिळतें. ज्या घरानें एवढी शिस्त पाळली, त्याला आपल्या गाडीला खरोखर निराळे टायर हवेत कीं नकोत, हें एका पावसाळ्यांतच कळून येईल. आणि मग तो निर्णय कोणताही असो, तो समजून घेतलेला असेल.