मामा तलावाचा गाळ आणि समुद्राची वाळू



किनाऱ्यावरच्या सूक्ष्म प्लास्टिकवर भंडाऱ्यात परिषद भरते आहे हे ऐकून नागपूरच्या मित्रांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. समुद्र कुठाय म्हणे तुमच्याकडे? समुद्र नाहीच. समुद्रात जे जाऊन पडतं ते मात्र आपल्याकडे भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं चेष्टा करणाऱ्यांच्याच शहरातून येतं.

नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि पुढे पवनीजवळ गोसीखुर्दचे ३३ दरवाजे आहेत. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो. दरवाज्यांतून सुटलेलं पाणी वर्धेला भेटून प्राणहिता होतं, सिरोंचाजवळ गोदावरीत शिरतं आणि धवळेश्वरमचा बंधारा ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. गोसीखुर्दच्या पाण्याचा हिरवा रंग, जलपर्णी, वास यांवर आपण अर्ज-निवेदनं देऊन थकलो. तळाला बसलेल्या प्लास्टिकच्या कणांबद्दल मात्र एकही अर्ज माझ्या पाहण्यात नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या गाळात ते दाखवलं आणि जग जागं झालं. आपल्याकडे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या अभ्यासकांनी जुहू, वर्सोवा, आक्सा, दादर इथली वाळू चाळून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गोव्याच्या पुळणीवरच्या प्लास्टिकच्या गोळ्यांचा ऋतुवार हिशेब मांडला. या कामाबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार एवढीच की मोजणीला सुरुवात आपण नदीच्या शेवटच्या टोकाला केली. इंग्लंडात मँचेस्टर परिसरातल्या नद्यांचे तळ पुराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात तळातल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ७० टक्के एका हिवाळ्यातल्या पुरांनी धुऊन नेलेलं आढळलं. म्हणजे नदीचा तळ हे गोदाम आणि पूर हा त्याचा वाहतूकदार. आता २०२० च्या ऑगस्टअखेरचा आपल्या वैनगंगेचा पूर आठवा. घरं, धान, जनावरं यांचे पंचनामे झाले. नदीने तळातून काय उचललं आणि कुठे नेऊन टाकलं, याचा पंचनामा कोण करणार?

नदीपेक्षाही मला काळजी आहे ती तलावांची. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर चढलेले आणि आज सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी’ झालेले आपले मामा तलाव. त्यांच्या पाळीवर धुणं होतं, म्हणजे पॉलिस्टरच्या साड्यांचे तंतू पाण्यात. देवीचं विसर्जन होतं, म्हणजे थर्माकोल आणि चमकी पाण्यात. ढीवर बांधवांची जाळी आता सुताची नाहीत, नायलॉनची आहेत. खताची पोती रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर पडून उन्हाने चुरतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तलावात उतरतात. (पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या गावात लग्नाची पंगत प्लास्टिकच्या पेल्यांवर उठते, त्याबद्दल मी आज बोलणार नाही.) समुद्राला भरती-ओहोटी तरी असते. तलावात गेलेलं तलावातच बसतं.

बसू द्यावं, तर आपण ते वर काढतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ पासूनची योजना चांगली आहे. मी तिच्या विरोधात नाही. तलाव खोल होतो, धानाच्या बांधीला सुपीक माती मिळते. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्या मातीबरोबर आणखी काय बांधीत पडतं, हे ट्रॉली भरण्याआधी पाहायला नको का? हा गाळ ज्यांनी मोजला असेल त्यांनी इथे हात वर करावा, मी उरलेलं भाषण त्यांना देतो.

मोजणं अवघड नाही. शंभर ग्रॅम गाळ वाळवा, पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. लिटरभर पाण्यात विरघळेल तेवढं, साधारण ३५० ग्रॅम, मीठ घाला आणि त्यात गाळ ढवळून रात्रभर काचेच्या भांड्यात ठेवा. सकाळी माती खाली आणि वर तवंगासारखा कचरा. भिंगाखाली काडी-कुडी तंतुमय, तुटक दिसते. पोत्याचा धागा चपटा, फितीसारखा, कडेला पिंजलेला. जाळ्याचा तंतू गोल, एकसारखा, बहुधा निळा किंवा हिरवा. शंका आली तर तापवलेली सुई टेकवा, प्लास्टिक आक्रसतं. एक लक्षात ठेवा: पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक मिठाच्या पाण्यापेक्षा जड, ते तरंगत नाही. तेव्हा तुमचा आकडा कमीच येणार. आणि मास्तर, त्या दिवशी टेरिकॉटचा शर्ट घालू नका, सुती घाला. नाहीतर तुमच्याच बाहीचे तंतू मोजाल.

मिठाचं पाणीही आधी गाळून घ्या. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आपल्या बाजारातल्या समुद्री मिठात हेच कण दाखवले. वाळूतून गाळलं तर त्यातले बहुतेक अडतात, असंही सांगितलं. समुद्र नसलेल्या या जिल्ह्यात समुद्राचं प्लास्टिक किराणा दुकानातून परत येतं ते असं.

माझी सूचना एकच आहे, आणि ठरावात ती यावी असा माझा आग्रह आहे. यंदा उन्हाळ्यात ज्या तलावांत जेसीबी उतरणार आहे, त्या प्रत्येकाचा गाळ तीन ठिकाणी तपासला जावा: घाटाजवळ, ओढा येतो त्या तोंडाशी आणि मध्यभागी. नमुने शाळांनी काढावेत, जागा ढीवरांनी दाखवाव्यात, कारण तळ त्यांना पायाने ठाऊक आहे. रासायनिक खातरजमा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने करावी. जिथे कण फार निघतील तिथे घाटालगतचा वरचा थर वेगळा काढावा आणि तो बांधीत जाऊ देऊ नये; बाकीचा गाळ शेतकऱ्याने खुशाल न्यावा. पाटबंधारेचे अधिकारी समोर बसलेले आहेत. गाळ काढायच्या तलावांची यादी त्यांनी मार्चअखेर शाळांकडे द्यावी, एवढं आज त्यांच्याकडून कबूल करून घेऊ आणि मग चर्चासत्राला लागू.