अकराव्या तासाची मजुरी

चौपन्नाव्या वर्षी माणसानं निवृत्तीच्या गोष्टी कराव्यात. मी मात्र आज नोकरीच्या पहिल्या महिन्याबद्दल बोलणार आहे. सत्तावीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापखाना बंद झाला आणि मी नऊ महिने घरी बसलो. बी.ए. झालेला, कविता करणारा आणि दुसऱ्यांच्या चुका काढता येणारा माणूस फारसा कुणाला नको असतो. मग नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका मिशन शाळेच्या ग्रंथालयात जागा मिळाली.

मुलाखतीच्या आदल्या रात्री मी कलपाची बाटली घेऊन आरशासमोर उभा राहिलो आणि मला अब्बा आठवले. अब्बा गवंडी होते. सकाळी सातला थापी आणि ओळंबा पिशवीत घालून ते मजुरांच्या नाक्यावर उभे राहत. ठेकेदार येई आणि दंड बघून माणसं निवडी. नऊ वाजेपर्यंत धडधाकट पोरं निघून जात. दहानंतर उरत ते पांढऱ्या दाढीचे. अब्बा दाढीला मेंदी लावत. आम्हाला वाटे, सुन्नत म्हणून लावतात. ती नाक्यासाठीही होती, हे अम्मीनं फार उशिरा सांगितलं.

शाळेत पहिलं काम मिळालं ते पुस्तकांच्या मोजणीचं. एका कपाटात पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर हाती आलं. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईमाणसाला वाचता यावं अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी त्यांनी हे काम पुरं केलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी ते छापलं. मुद्रितशोधकाचा हात अशा पुस्तकावरून सहज पुढे सरकत नाही. मोजणी बाजूला ठेवून मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडला. तिथला दाखला ऐकून माहीत होता, पण नीट वाचला नव्हता. मराठी ख्रिस्ती लोक येशूच्या दृष्टान्तांना ‘दाखला’ म्हणतात. शाळेत दाखला म्हटलं की लोकांना शाळा सोडल्याचा आठवतो. मला तो शाळेत आल्यावर मिळाला!

गोष्ट अशी. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो. एक दिनार मजुरी ठरवून माणसं आणतो. दिनार हे रोमन काळातलं चांदीचं नाणं, साधारण एका दिवसाची मजुरी. तेव्हा सूर्योदय ते सूर्यास्त असे बारा तास मोजत. मालक तिसऱ्या तासाला पुन्हा जातो, मग सहाव्या, मग नवव्या. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना, तो पाचव्यांदा जातो. तेव्हाही काही माणसं उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही, असं ती सांगतात. तो त्यांनाही मळ्यात धाडतो.

बायबलमध्ये ‘द्राक्षमळा’ म्हणतात. आमचा नाशिक-सांगलीचा शेतकरी नुसतं ‘बाग’ म्हणतो. द्राक्षाची तोड चालू असताना आभाळ भरून आलं, की बागवाल्याची काय धावपळ होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मालकाच्या पाच खेपांचं नवल वाटणार नाही. बागेला यशया संदेष्ट्यापासून एक अर्थ चिकटलेला आहे. देवानं लावलेली, जपलेली बाग म्हणजे त्याची माणसं. पण त्या अर्थाकडे जाण्याआधी मला नाकाच दिसला. अकराव्या तासापर्यंत उभे राहिलेले कोण असतील? आळशी? आळशी माणूस संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभा राहत नाही, तो घरी जातो. मेंदी लावलेली दाढी मला त्या घोळक्यात स्पष्ट दिसली.

संध्याकाळी मालक कारभाऱ्याला शेवटच्यापासून मजुरी वाटायला सांगतो. सगळ्यांना एकेक दिनार. पहाटे आलेले कुरकुरतात. आम्ही दिवसभर उन्हात राबलो आणि हे आमच्या बरोबरीचे? मालक म्हणतो की ठरलं तेवढं तुम्हाला मिळालं, माझ्या चांगुलपणाचा तुम्हाला त्रास का व्हावा? वाचून माझे डोळे भरून आले. मी अकराव्या तासाचा माणूस. मला पूर्ण दिनार मिळाला होता.

पगाराच्या दिवशी मात्र दाखल्याची दुसरी बाजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ग्रंथालयात एक सहायक बाई आहेत. सह्या करून झाल्यावर त्या म्हणाल्या, “सर, राग मानू नका, तुमच्याबद्दल काही नाही. पण अकरा वर्षं मी इथली धूळ झाडली. तुम्ही परवा आलात. आणि आपण दोघांनी एकाच आकड्यावर सही करायची?”

मला काही सुचेना. माझ्या तोंडून तो दाखलाच निघाला. बाई हसल्या. म्हणाल्या, “सर, मी ख्रिस्ती घरातली. संडे स्कूलपासून पाठ आहे मला तो. तेव्हाही वाटायचं, पहाटे आलेल्यांचं काय चुकलं?”

त्या रात्री मी बुखारींचा हदीससंग्रह उघडला. तिथंही मजुरांचा असाच एक दृष्टान्त आहे. काहीजण सकाळपासून दुपारपर्यंत राबतात, काही दुपारपासून असरपर्यंत, तर काही असरपासून सूर्यास्तापर्यंत. शेवटच्यांना दुप्पट मिळतं. आधीचे तक्रार करतात, तेव्हा त्यांना विचारलं जातं की तुमच्या हक्कातलं काही कमी केलं का? ते नाही म्हणतात. दोन्ही परंपरांत ईश्वराची कृपा मोजमापाबाहेरची आहे. पण मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, असंही आमच्या हदीसमध्ये आहे. मजुराचं वेतन सूर्य मावळण्याआधी द्या, असं बायबलच्या अनुवादात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. कृपा ईश्वराची, हिशेब मात्र माणसांचा. माणसांनी हिशेब चुकवायचा आणि वर कृपेचा दाखला द्यायचा, हे दोन्ही धर्मांना मान्य नाही. दुपारी मी नकळत तेच केलं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दाखल्यात मालक बोलतो, पहाटेचे मजूर बोलतात. शेवटचे मजूर मजुरी हातात पडल्यावर काय म्हणाले, हे येशू सांगत नाही. ती जागा मोकळी आहे. ते दिनार मुठीत घेऊन खाली मान घालून गेले असतील, की पहाटेच्या सोबत्याला काही बोलले असतील?

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हणालो, “तुमच्या वेतनवाढीचा अर्ज आपण लिहू.” त्यांनी याआधी दोनदा अर्ज दिला होता. एकात तारीख चुकली होती, दुसऱ्याला नेमणुकीच्या पत्राची प्रत जोडलेली नव्हती. चुका काढणं हेच तर मला येतं! आम्ही अकरा वर्षांचं काम वर्षवार मांडलं. किती पुस्तकं नोंदवली, किती बांधून घेतली, सगळं. त्याखाली मी लिहिलं की या कामाची मला रोज मदत होते, आणि सही केली.

अर्ज अजून वरच्या टेबलावर आहे. काय होईल ते होईल. बाईंच्या मनातली कुरकुर संपलेली नाही, आणि ती संपावी असं मलाही वाटत नाही. फक्त आता संध्याकाळी पाचच्या घंटेनंतर त्या दोन कप चहा मागवतात.

आणि हो, कलपाची ती बाटली मी त्या रात्री उघडलीच नव्हती. पांढऱ्या दाढीनंच मुलाखतीला गेलो होतो. अब्बांना ते जमलं नसतं. त्यांच्या नाक्यावर पाचव्यांदा कुणी येत नसे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)